दोन बोटांचा क्लच

“ताई, तुम्ही त्यांना एवढंच सांगा, ही गाडी आता होत न्हाई. जुनी झालीय, पार्ट मिळत न्हाईत, काय पण सांगा. तुमचं ऐकतील ते.”

सुरेखावहिनी माझ्या वर्कशॉपच्या दारात उभ्या होत्या. बसायला खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. तळेगाव ढमढेऱ्याला नात्यात कार्यक्रम होता, तिथून वाट वाकडी करून त्या शिक्रापूरला माझ्याकडे आल्या होत्या. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. ज्या गाडीबद्दल त्या बोलत होत्या ती त्यांच्या नवऱ्याची. माझ्या पाठीमागेच उभी होती, पेट्रोलची टाकी काढलेली, क्लचची वायर लोंबत असलेली.

मी शमीम मुलाणी. नोकरीची सगळी वर्षं इंजिनं बनवणाऱ्या एका कंपनीच्या टेस्ट सेलमध्ये काढली. टेस्ट सेल म्हणजे एक बंद खोली. आत इंजिन घट्ट बसवायचं, काचेच्या पलीकडून चालवायचं, तापवायचं, दमवायचं आणि ते कुठे अडखळतं ते शोधायचं. नोकरी सोडल्यावर मी घराच्या तळमजल्यावर वर्कशॉप केलं. वरच्या खोल्यांमध्ये कारखान्यातली मुलं भाड्याने राहतात. त्यांच्या शिफ्टा बघून मला इंजिन चालू करावं लागतं. “दीदी, नाइट करके आया हूँ” असा आवाज वरून आला की मी पाने बाजूला ठेवते आणि चहा टाकते. जुन्या, मोठ्या मोटरसायकली घेते. एका वेळी एकच.

ही गाडी दत्ताआप्पांची होती. आप्पांची यवतजवळ फुलशेती आहे. शेवंती, झेंडू, गुलछडी. दिवाळीचा माल उतरला की शेत भावाच्या हवाली करून ते गाडी काढायचे. राजस्थान, कन्याकुमारी, कच्छ. गाडी जपानी, चार सिलिंडरची, जुन्या काळातली स्पोर्ट टूरर. म्हणजे दिसायला शर्यतीच्या गाडीसारखी, पण दिवसभर चालवली तरी कंबर धरत नाही अशी. मागे बसणाऱ्यालाही नीट जागा.

मग आप्पांचा डावा हात कडबाकुट्टीत गेला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. बाकीची दोन बोटं आणि अंगठा वाचला, पण पकड निम्म्यावर आली. गाडी दोन पावसाळे शेडमध्ये उभी राहिली. एक दिवस ती टेम्पोत घालून ते थेट माझ्या दारात आले.

“मॅडम, क्लच दाबायला दोन बोटं हायेत माझ्याकडं. तेवढ्यात बसवा.”

मी त्यांच्या हातात स्प्रिंगचा वजनकाटा दिला आणि दोन बोटांनी ओढायला लावला. पुन्हा पुन्हा. माणूस एकदा जोर लावतोच, मला दमलेल्या हाताचा जोर हवा होता. तो बघून मी म्हटलं, “बसेल. पण डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणि आरटीओची परवानगी मिळाल्याशिवाय तुम्ही गाडी रस्त्यावर आणायची नाही.”

“त्ये माझं मी बघतो. तुम्ही तुमचं बघा.”

आणि आता त्यांची बायको मला सांगत होती की गाडी होत नाही म्हणून सांगा.

“तुम्हाला गाडीच नको आहे का?” मी विचारलं.

“मला? अवो, कच्छपतूर मी मागं बसून गेलीय.” वहिनी एकदम चिडल्या. मग आवाज खाली आला. “आप्पांनी तुम्हाला सांगितलं न्हाई, पण हात बरा झाल्यावर त्यांनी गाडी काढली होती. शेतातल्या रस्त्याला. माझ्या डोळ्यादेखत पडले. गाडी अंगावर. पाय सायलेन्सरला लागून भाजला. मी एकटी, गाडी उचलंना. हायवेला ट्रकच्या पुढं असं झालं तर, ताई?”

शिक्रापूरला राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. आमच्या चौकात दिवसभर ट्रक आणि ट्रेलरच असतात.

मी म्हटलं, “वहिनी, खोटं मी सांगणार नाही. पण गाडी तयार झाली की मी आप्पांची परीक्षा घेणार आहे. बंद आवारात. तुम्ही समोर उभ्या राहा. त्यांना जमलं नाही तर मीच सांगेन की गाडी विका. ते खोटं नसेल.”

त्यांनी थोडा विचार केला. “आन् पास झाले तर?”

“तर तुम्हाला पटेपर्यंत पुन्हा घेऊ.”

“बघू,” वहिनी म्हणाल्या. पदर खोचला आणि एसटी गाठायला निघून गेल्या.

मी कामाला लागले. क्लच म्हणजे इंजिन आणि मागचं चाक यांना जोडणारी आणि तोडणारी कडी. आत चकत्या असतात, जोरदार स्प्रिंगांनी एकमेकींवर दाबलेल्या. हँडलवरचा लिव्हर दाबला की एक वायर इंजिनावरचा छोटा दांडा ओढते आणि चकत्या सुट्या होतात. मोठ्या गाडीच्या स्प्रिंगा कडक असतात, म्हणून क्लच जड लागतो.

स्प्रिंगा मऊ घालणं हा सोपा उपाय. तो मी केला नाही. मऊ स्प्रिंगांनी क्लच हलका होतो, पण घाटात दोन माणसं घेऊन चढताना चकत्या घसरायला लागतात. मी इंजिनावरचा दांडा लांब केला. पहारीसारखंच. दांडा लांब असेल तर जोर कमी लागतो. पण त्याची किंमतही असते. तेवढ्याच ओढीत चकत्या कमी अंतराने सुटतात. पहिला दांडा मी जरा जास्तच लांब करून घेतला होता. क्लच लोण्यासारखा झाला, पण पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकायला बघायची. न्यूट्रल लागेना. मग दांडा थोडा आखूड केला, वायर नवी घातली आणि तिचं तीव्र वळण काढून तिला सरळ वाट दिली. दांड्याने क्लच हलका झाला नाही तेवढा त्या वाटेनं झाला. जुन्या गाड्यांत वायर कुठून कशी नेली आहे हे कुणी बघतच नाही.

हँडल वर उचललं. खाली वाकून बसलं की अंगाचा भार मनगटांवर येतो आणि आप्पांच्या डाव्या तळहाताला तो नको होता. त्यासाठी ब्रेकची रबरी नळीही लांब घ्यावी लागली. डावी मूठ जाड केली, म्हणजे दोन बोटं क्लचवर असताना अंगठा आणि तळहात हँडल धरून ठेवतील. पेट्रोलमध्ये हवा मिसळून सिलिंडरला देणारे चारही कार्बोरेटर उतरवून धुतले, त्यांची बारीक भोकं म्हणजे जेट साफ केले, व्हॅक्यूम गेज लावून चारही सिलिंडर एका लयीत आणले. गाडी पंख्यासमोर उभी करून चालवली तर घड्याळासारखी चालत होती. मी खूश होते.

परीक्षेसाठी यवतचं एक मंगल कार्यालय मिळालं. लग्नाची तारीख नव्हती, त्यामुळे पार्किंगचं मोठं मैदान रिकामं. मी गाडी टेम्पोत घालून नेली. तळेगाव, भीमेवरचा पूल, राहू करत दुपारी पोहोचले. आप्पा आणि वहिनी त्यांच्या पिकअपमधून आले. फुलांचे रिकामे क्रेट आम्ही मैदानात अंतराअंतरावर मांडले.

परीक्षा सोपी वाटते, पण नसते. वेगात गाडी कुणीही चालवतो. माणसाच्या चालीने चालवायची, क्रेटमधून वळणं घ्यायची, मध्येच थांबायचं, पुन्हा निघायचं. शेवटी सामान उतरवायच्या रॅम्पवर चढताना थांबून पुन्हा उचलायची. क्लचवरचा हात खरा कळतो तो तिथे.

आप्पांनी हेल्मेट चढवलं, गाडी सुरू केली. पहिल्या फेऱ्या सुरेख. वहिनी पिकअपला टेकून उभ्या होत्या, हाताची घडी. ऊन चढलेलं होतं. तासभर चालीच्या वेगाने गाडी फिरवली की इंजिन चांगलं तापतं, आणि मला तेच हवं होतं.

मग ते एका क्रेटपाशी थांबले, पुन्हा निघायला गेले आणि गाडी बंद पडली. एका बाजूला कलली, आप्पांनी पाय टेकून सावरली. सुरू केली, पुढच्या थांब्याला पुन्हा तेच. रॅम्पवर तर गाडी मागेच यायला लागली. दोन्ही पाय लावून त्यांनी ती कशीबशी धरली, हळूहळू मागे घेतली आणि स्टँडवर लावली.

हेल्मेट काढलं तेव्हा चेहरा घामाने भिजला होता. हातमोजे काढून त्यांनी टाकीवर ठेवले.

“बास, मॅडम. हात राहिला न्हाई आता त्यो. गिऱ्हाईक बघा गाडीला.”

वहिनींना जे हवं होतं ते झालं होतं. पण त्यांनी तोंड फिरवलं आणि उगीचच क्रेट गोळा करायला लागल्या. मला त्यांचे भरलेले डोळे दिसले.

मी मात्र गाडीपाशीच उभी राहिले. टेस्ट सेलमध्ये काम केल्याने एक सवय लागते. इंजिन बंद पडलं की सगळे इंजिनाकडे बघतात, आपण त्याच्या आधीच्या क्षणाकडे बघायचं. मी सगळा वेळ आप्पांच्या डाव्या हाताकडे बघत होते. माझी कामगिरी तिथे होती ना. आणि तिन्ही वेळा गाडी अडखळली तेव्हा त्यांची बोटं अजून क्लच दाबूनच होती. त्यांनी उजव्या हाताने थोडी रेस दिली, इंजिन ठसकलं, आणि मग घाईघाईने क्लच सुटला. हाताची चूक असेल तर आधी क्लच सुटतो आणि मग गाडी हिसका देऊन मरते. इथे क्रम उलटा होता.

“वहिनी, क्रेट राहू द्या,” मी हाक मारली. “शेतात आप्पा पडले तेव्हा गाडी कशी बंद पडली होती?”

“कशी म्हंजी? बंद पडली.”

“हिसका बसला का आधी?”

त्या थांबल्या. आठवून म्हणाल्या, “न्हाई. आधी ठसकली. माणसाला पाणी पिताना ठसका लागतो ना, तशी. मग गप झाली, आन् मग आप्पा पडले.”

मी आप्पांकडे वळले. “आप्पा, ही अशी ठसकते हे तुम्ही मला सांगितलं का नाही?”

“त्यात काय सांगायचं? माझ्या हातानं क्लच नीट सुटत न्हाई म्हणून ठसकती. दोष माझ्या हाताचा, त्यो तुम्हाला काय सांगायचा? तुम्हाला गाडीचं सांगितलं.”

हे ऐकून मला राग आला, आणि आनंदही झाला. राग त्यांच्यावर, आनंद दोष गाडीत होता म्हणून.

“टाकी उचलायला हात लावा,” मी म्हटलं. “तुमचा डावाच लावा.”

टूलबॉक्स टेम्पोत होतीच. जाड हातमोजे घालून गरम इंजिनाचे चारही प्लग काढले आणि क्रेटवर ओळीने मांडले. प्लग म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी टाकणारा. त्याच्या टोकाचा रंग बघून आत पेट्रोल आणि हवेचं प्रमाण कसं आहे ते कळतं. तीन प्लग भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचे होते. तिसऱ्या सिलिंडरचा पांढराफटक.

“ह्यो येगळाच हाय की,” वहिनी वाकून म्हणाल्या.

“या सिलिंडरला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळते आहे. म्हणजे कुठून तरी जास्तीची हवा आत घुसते.”

प्लग परत बसवले. पिकअपमध्ये फुलांवर पाणी मारायची बाटली पडलेली होती, ती मागून घेतली. टाकी बाजूला असली तरी कार्बोरेटरमध्ये थोडा वेळ पुरेल एवढं पेट्रोल असतं. इंजिन सुरू केलं आणि कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या रबरी नळ्यांवर एकेक करून पाण्याचा बारीक फवारा मारला. पहिली, दुसरी, काही नाही. तिसरीच्या खालच्या बाजूला पाणी लागलं आणि इंजिनाचा सूर बदलला. पाण्याने भेग क्षणभर बुजली होती. पाणी आत ओढलं गेलं, पुन्हा सूर पडला. मी परत फवारा मारला, पुन्हा तेच.

टूलबॉक्समधला छोटा आरसा खाली धरून आप्पांना दाखवलं. रबराला नखाएवढी चीर होती, क्लॅम्पच्या अगदी खाली. गाडी थंड असली की चीर मिटलेली. पंख्यासमोरही मिटलेली. उन्हात, चालीच्या वेगाने, इंजिन पुरतं तापलं की रबर मऊ पडायचं आणि चीर उघडायची. मग थोडी रेस दिली की त्या सिलिंडरला ठसका. जुनं रबर वाळून तडकलं होतं, बाकी काही नाही.

आप्पा आरशात बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी आपला डावा हात समोर धरला आणि उलटसुलट करून पाहिला.

“म्हंजी शेतात पडलो तवा पण...”

“तेव्हा पण.”

“दोन वर्सं मी ह्याला शिव्या घातल्या,” ते हाताकडे बघत म्हणाले. वहिनींनी त्यांच्या हातातला आरसा काढून घेतला आणि माझ्याकडे दिला.

“आप्पा, तुम्ही अजून पास झालेले नाहीत,” मी म्हटलं. “परीक्षा रद्द झालीय, एवढंच. गाडी घेऊन जाते.”

जुन्या गाडीची रबरं शोधणं हे वेगळंच काम असतं. फोन, ओळखी, फोटो, पुन्हा फोन. एक फाटलं म्हणजे बाकीची तीन रांगेत आहेत हे गृहीत धरायचं, म्हणून चारही नवी मागवली. बसवून पुन्हा गेज लावले, पुन्हा चारही सिलिंडर जुळवले. आणि या वेळी पंख्यासमोरच्या चाचणीवर विश्वास ठेवला नाही. कारखान्यांच्या शिफ्ट सुटायच्या वेळी, भर उन्हात, मी गाडी शिक्रापूरच्या चौकात घातली. ट्रेलरच्या मागे, रिक्षांच्या मध्ये, थांब, निघ, थांब, निघ. इंजिनाचा पंखा सतत चालू, मांड्या भाजत होत्या. बाजूच्या ट्रकवाल्याने वाकून विचारलं, “मॅडम, गाडी कितने की है?” एकदाही ठसका लागला नाही. कोरेगाव भीमाच्या पुलापर्यंत गेले आणि तशीच रखडत परत आले. त्या रहदारीचा मला कधी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

दुसरी परीक्षा त्याच मैदानात झाली. मी मुद्दाम आप्पांना आधी नुसतंच फिरवलं, गाडी तापेपर्यंत. मग थांबे, वळणं, अचानक ब्रेक. आणि शेवटी रॅम्प. ते चढावर थांबले. मागचा ब्रेक पायाने धरला, दोन बोटांनी क्लच हळू सोडला, गाडी एक तसूही मागे न येता वर गेली. परत आले, पुन्हा तेच केलं. मी आणखी एकदा सांगितलं, आणखी एकदा केलं. हेल्मेटच्या आत ते हसत होते हे बाहेरून कळत होतं.

“झालं?” मी वहिनींना विचारलं.

“झालं कुठं?” त्या पुढे आल्या. पिकअपमधून त्यांनी स्वतःचं हेल्मेट काढलं होतं. म्हणजे येतानाच बरोबर आणलं होतं. “एकटे थोडीच जाणार हायेत ते? मागं वजन आल्यावर काय हुतंय ते बघायला पायजे की.”

हे माझ्या परीक्षेत नव्हतं, आणि असायला हवं होतं. मी मागच्या सस्पेन्शनची स्प्रिंग दोन माणसांसाठी कडक करून दिली. वहिनी पदर नीट खोचून मागे बसल्या आणि आप्पांना म्हणाल्या, “रॅम्पवरच घ्या आधी.”

आप्पांनी घेतली. मध्यावर थांबले. मग गाडी वर गेली, वळली, क्रेटमधून फिरली आणि माझ्यासमोर येऊन थांबली. वहिनी उतरल्या. हेल्मेट काढून त्यांनी केस सारखे केले.

“घेऊन जावा,” त्या आप्पांना म्हणाल्या. “पण आरटीओचा कागद आल्याबिगर हायवेला चढायचं न्हाई. ताईंसमोर कबूल करा.”

“केलं.”

“हात वर करून.”

आप्पांनी डावा हात वर केला.

आरटीओला त्यांना बऱ्याच खेपा घालाव्या लागल्या, पण परवानगी मिळाली. पहिली फेरी दौंडला, वहिनींच्या बहिणीकडे. शेवंतीचा हंगाम उरकल्यावर दोघं कोकणात उतरून आले. घाटात क्लच घसरला नाही, हे आप्पांनी मला फोन करून दोनदा सांगितलं. त्यानंतर वहिनींनी फोन घेतला. “ताई, गाडी मस्त हाय, पण मागची शीट लई कडक लागती. कवा आणू?”

सीटचं काम आता चालू आहे.

या गाडीनंतर मी माझी पद्धत थोडी बदलली आहे. गिऱ्हाईक आलं की आधी विचारते, गाडीला काय होतंय. सगळं सांगून झालं की आणखी एक विचारते, “आणि चालवताना तुमचंच काय चुकतं असं तुम्हाला वाटतं?” लोक लाजतात, इकडेतिकडे बघतात, मग सांगतात. कुणाला वाटतं आपल्याला गिअर नीट टाकता येत नाही, कुणाला वाटतं वळणावर आपण घाबरतो. ते मी लक्ष देऊन ऐकते आणि मग पाना घेऊन नेमकं तिथूनच सुरुवात करते. बरेचदा तिथे एखादा बोल्ट ढिला सापडतो.